घाडग्यांचं घड्याळ

डोंगराच्या टोकावर गाव वसवणाऱ्या माणसाच्या मनात पाहुण्यांचं स्वागत ही गोष्ट कधीच नसते. पाहुणा यावा असं वाटलं असतं, तर त्यानं गाव सपाटीवर, रस्त्याकडेला, जमलंच तर पाणवठ्याजवळ वसवलं असतं. चढून वर येईपर्यंत येणाऱ्याचा हेतू बदलावा किंवा निदान दम तरी जावा, एवढाच त्यातला विचार. हे आम्हां मराठी माणसांना कुणी समजावून सांगायला नको. आमच्या राजानं १६७४ साली राज्याभिषेक करून घेतला तो रायगडावर. तिथं रोपवे आला १९९६ साली. मधली तीनशे बावीस वर्षं ज्याला यायचं त्यानं पायांनी यावं, असाच कारभार होता.

इटलीतला उंब्रिया हा प्रांत म्हणजे अशाच आडमुठ्या गावांचं प्रदर्शन आहे. खाली टायबर नदीचं खोरं. हीच टायबर पुढं रोमला जाऊन जगप्रसिद्ध होते, पण इथं ती अजून आपली साधी, घरगुती नदी आहे. काठाला सुपीक जमीन आहे, पाणी आहे. आणि गावं मात्र सगळी वर, टेकड्यांच्या डोक्यावर! रोमन साम्राज्य मोडकळीस आल्यावर खोऱ्यातून कुणीही यावं, लुटून जावं, अशी परिस्थिती झाली. शिवाय दलदलीचा ताप. मलेरिया हा शब्दच मुळी इटालियन; अर्थ 'वाईट हवा'. डासाचा पत्ता कुणाला नव्हता, पण वर गेलं की ताप येत नाही, एवढं लोकांना कळलं होतं. मग दहाव्या-अकराव्या शतकात माणसं जमीनदारांच्या आश्रयानं टेकड्यांवर चढली, भोवती तट बांधला आणि आतून दार लावून घेतलं. शेत खाली, घर वर. रोज सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. इटालियन माणूस जेवायला तीन तास का लावतो, याचं कारण मला इथं सापडलं. एवढं चढून आल्यावर पुन्हा उठायची इच्छाच उरत नसणार.

इटलीला आलेला मराठी प्रवासी रोम बघतो, व्हेनिस बघतो, पिसाच्या मनोऱ्याला हात लावून फोटो काढतो आणि परत जातो. आमच्या सौभाग्यवतींची यादी एका गावाची होती. मोंतोने! पेरुजा शहराच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटर. उंची ४८० मीटरच्या आसपास, वस्ती आजूबाजूची वाड्यावस्त्या धरून दीडेक हजार. पेरुजात परदेशी लोकांना इटालियन शिकवणारं एक जुनं विद्यापीठ आहे, तिथं आमची पुतणी भाषा शिकायला राहिली होती. तिनंसुद्धा विचारलं, "काकू, मोंतोनेच का? असिसी आहे, ऑर्विएतो आहे..."

"तिथं आमच्या माणगावचं माणूस आहे," हिनं सांगितलं आणि विषय संपला.

आता हा खुलासा करायला हवा. हिचं माहेर माणगावजवळचं. माणगावात एका जवानाचा पुतळा आहे. लहानपणी मामाच्या गावाला जाताना एसटीच्या खिडकीतून तो दिसायचा आणि हिचे वडील दर वेळी, अगदी न चुकता सांगायचे, "हे यशवंतराव घाडगे. आपल्या पळसगावचे. इटलीत गेले." 'गेले' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात. हिला कितीतरी वर्षं पहिलाच वाटत होता. इटलीत गेले म्हणजे नोकरीला गेले असतील, असं. दुसरा अर्थ कळला तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून इटली म्हटलं की हिला रोम आठवत नाही.

तर जुलै महिन्यातल्या एका संध्याकाळी आम्ही तिघं मोंतोनेच्या पायथ्याशी उभे होतो. गाडी तटाबाहेर ठेवायची. आत गल्ल्या अशा, की समोरून बकरी आली तर कुणीतरी एकानं माघार घ्यावी. दगडी फरशी, दगडी घरं, दगडी कमानी. खिडकीत तेवढी लाल फुलं. आणि चढ. एक चढ संपला की वळणावर दुसरा चढ नम्रपणे उभा. वर एक कलम असं होतं, की नेमकी त्या दिवशी संकष्टी होती. ही सकाळपासून चार पीच आणि थोडे अंजीर यांवर होती आणि तरीही सगळ्यांच्या पुढं चढत होती. मी दुपारी व्यवस्थित जेवूनही सगळ्यांच्या मागं होतो. उपासाचं सामर्थ्य की माहेरच्या माणसाची ओढ, ते देव जाणे.

गावात एक सूर्यघड्याळ आहे. २२ जुलै २०२३ रोजी मोंतोनेच्या नगरपालिकेनं आणि इटलीतल्या काही लष्करी इतिहासकारांनी मिळून त्याचं अनावरण केलं. त्याचं नाव यशवंत घाडगे स्मारक. नुसता दगड उभा करून हार घालण्यापेक्षा त्यांनी सावलीवर चालणारं घड्याळ उभं केलं. त्यावर लॅटिनमध्ये बोधवाक्य आहे. अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

आम्ही पोहोचलो तेव्हा माझ्या मनगटावर सात वाजून गेले होते, आणि सावली पाऊणेसहाच्या आसपास रेंगाळत होती. माझ्यासारख्या माणसाला घड्याळातला फरक दिसला की तो दुरुस्त करावासा वाटतो. पुतणीनं समजावलं, "काका, हे खरं सूर्याचं घड्याळ. युरोपात उन्हाळ्यात सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर पुढं करतं. त्यात हे गाव या टाइमझोनच्या मधल्या रेषेपासून पश्चिमेला. म्हणून सव्वा तासाचा फरक." म्हणजे सगळ्या युरोपानं हुकूम मानला, पण घाडग्यांच्या घड्याळानं मानला नाही. मला ते पटलं. कोकणातला माणूस!

हिनं पिशवीतून उदबत्ती काढली. डोंगरमाथ्यावर वारा होता, काडी पेटेना. तीन काड्या गेल्या. शेजारच्या बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते. ते उठले, काही न बोलता आपल्या दोन्ही तळव्यांचा आडोसा केला आणि मान हलवून 'लाव आता' असं सुचवलं. चौथ्या काडीला उदबत्ती पेटली. मग त्यांनी घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणाले, "गाद्जे."

"घाडगे," ही म्हणाली.

"गादगे."

"गादगे नाही हो आजोबा. घ. घराचा घ. घाऽ"

म्हातारेबुवांनी घसा साफ केला आणि पोटातून जोर लावला. इटालियन भाषेत घ नाही, ड नाही. त्यामुळं तिसऱ्या प्रयत्नाला जे बाहेर आलं ते ऐकून पुतणी म्हणाली, "काकू, आता त्यांचे गाडगेबाबा झाले. राहू दे." पण राहू देईल ती आमची ही कसली! पाचव्या वेळी, श्वास सांडत का होईना, पण 'घाडगे' आलं. तेव्हा म्हातारेबुवांनी टोपी काढली. आमच्यासाठी की घड्याळासाठी, ते कळलं नाही.

आता त्या माणसाची हकीकत सांगतो. ४ जून १९४४ ला रोम दोस्तांच्या हाती आलं आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागलं. पळत नव्हतं; लढत, टेकडी टेकडी धरत, दमानं मागं सरत होतं. उद्देश एवढाच, की पुढच्या पर्वतरांगेतली संरक्षणफळी पुरी होईपर्यंत वेळ काढायचा. २० जूनला पेरुजा मोकळं झालं आणि वरच्या टायबर खोऱ्यातून उत्तरेला सरकण्याचं काम आलं ते बरंचसं हिंदी पलटणींच्या वाट्याला. ज्या टेकड्या शत्रूला चढताच येऊ नयेत म्हणून हजार वर्षांपूर्वी निवडल्या होत्या, त्याच टेकड्या आमच्या पोरांना गोळीबारात चढायच्या होत्या. १० जुलै १९४४. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. नाईक यशवंत घाडगे एका तुकडीचे पुढारी, वय २२. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी होऊन पडले. उरले एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी गन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केली. दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानंच लोळवलं. मग लपलेल्या एका नेमबाजाच्या गोळीनं ते पडले, ते त्या ठाण्यातच, जे त्यांनी एकट्यानं घेतलं होतं.

त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतल्या लढाईत असे वीस क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी जवानांना. मराठा पलटणीचा दुसरा मिळाला शिपाई नामदेव जाधवांना, ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या कामगिरीबद्दल. ते नगर जिल्ह्यातल्या निमजचे, आणि सुखरूप घरी आले. या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक हिंदी सैनिक लढले आणि त्यातले ५,७८२ परत आले नाहीत. घाडग्यांची कबर नाही. कासिनोच्या युद्धस्मारकात, कबर नसलेल्या हजारो नावांमध्ये त्यांचं नाव कोरलेलं आहे.

त्या काळी देश आपला नव्हता, राजा आपला नव्हता आणि भांडणही आपलं नव्हतं, असं म्हणणारे म्हणतात. ते खोटं नाही. पण पळसगावच्या पोराला हा वाद घालायला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्या पुढं फक्त चढ होता.

उदबत्ती संपली. सावलीही लांब होत होत दगडावरून निघून गेली आणि घड्याळ बंद झालं. आम्ही जेवायला निघालो. म्हणजे असं आपलं मला वाटलं.

"चंद्रोदय किती वाजता?" हिनं विचारलं. पुतणीनं मोबाइल काढला. पेरुजाचा चंद्रोदय रात्री पावणेअकरा! पुण्यात आपण साडेनऊ-दहाला आटोपतो. इथं उन्हाळ्यात सूर्यच पावणेनऊपर्यंत हलत नाही, तर चंद्र बिचारा काय करील? एकटं जेवण्याची सोय मला अर्थातच होती. पण पस्तीस वर्षांच्या संसारात काही सोयी नुसत्या बघायच्या असतात.

खानावळीत जागा मिळाली. मालकीणबाई साठीच्या, गोल, कमरेला एप्रन. पुतणीनं त्यांना समजावलं, की आम्ही बसतो, पण चंद्र उगवल्यावर जेवतो. मला वाटलं, बाई आता आम्हांला दार दाखवणार. बाईंनी शांतपणे विचारलं, "पूर्वेचा की पश्चिमेचा डोंगर?" पूर्वेचा, म्हटल्यावर म्हणाल्या, "मग अकरा धरा," आणि पाण्याची बाटली आणून ठेवली. व्रतवैकल्यांच्या देशातली बाई. हिला ती तत्क्षणी आवडली.

भुकेल्या माणसाला एक तर तत्त्वज्ञान सुचतं किंवा इतिहास. मी इतिहास धरला. या गावाचा प्रसिद्ध पुरुष म्हणजे ब्राच्यो फोर्तेब्राच्यो, जन्म १३६८. फोर्तेब्राच्यो म्हणजे दणकट बाहूंचा. घराणं मोंतोनेचं, धंदा कंत्राटी लढाईचा. त्या काळात इटलीतल्या शहरांना लढाया हव्या असत, पण स्वतः लढायला वेळ नसे. म्हणून ती सरदारांशी करार करत. करार म्हणजे कोंदोत्ता, म्हणून असे सरदार ते कोंदोत्तिएरी. आज फ्लॉरेन्सकडून, उद्या पोपकडून, परवा पोपविरुद्ध. आपल्याकडे तनख्यावर फौज घेऊन फिरणारे सरदार बघितलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. ब्राच्योनं १४१६ साली पेरुजाच जिंकून घेतलं आणि तिथला धनी झाला. त्याचा जन्माचा वैरी म्हणजे स्फोर्झा. दोघंही एकाच उस्तादाच्या तालमीत वाढलेले. जानेवारी १४२४ मध्ये स्फोर्झा पेस्कारा नदीत बुडाला, तोही बुडणाऱ्या आपल्या पोऱ्याला वाचवताना. आता मैदान मोकळं, असं ब्राच्योला वाटलं असेल. त्याच वर्षी जूनमध्ये लाक्विला शहरापाशी झालेल्या लढाईत तो घायाळ झाला आणि गेला. दोन वैरी, एक वर्ष, वसुली बरोबर.

त्याचा मुलगा कार्लो. त्यानं व्हेनिसची चाकरी केली आणि १४७३ साली इनाम म्हणून येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा गावाला आणला, अशी श्रद्धा आहे. दर ऑगस्टमध्ये त्याचा उत्सव होतो. गावाच्या तीन दरवाजांवरून तीन आळ्या. जुने कपडे घालून, मिरवणुका काढून, स्पर्धा करून त्या तिघी आठवडाभर एकमेकींना पाण्यात बघतात. कुणी काही म्हणो, पण गणपतीत दोन मंडळांचे कार्यकर्ते ज्या नजरेनं एकमेकांकडे बघतात ती नजर जागतिक आहे. किल्ला मात्र राहिला नाही. पुढं पोपच्या हुकमानं तो पाडला गेला. दणकट बाहू गेले, गावात टिकला तो काटा.

साडेनऊ वाजले. शेजारच्या टेबलावर पावाची टोपली आली. एक तुकडा माझ्या हाताशी सरकला, नव्हे, मीच सरकवला. या भागातल्या पावात मीठ नसतं. गोष्ट अशी सांगतात, की १५४० साली पोप तिसऱ्या पॉलनं मिठाचा भाव वाढवला, पेरुजानं बंड केलं, पोपच्या फौजेनं ते चिरडलं. त्याने शहरात उमरावांचे वाडे पाडून त्यांच्या डोक्यावर किल्ला बांधला. तेव्हापासून लोकांनी रागानं पावातून मीठच काढून टाकलं. बंड खरं, किल्लाही खरा. पावाचं मात्र इतिहासकार मान्य करत नाहीत. ते म्हणतात, मध्य इटलीत बिनमिठाचा पाव त्याआधीपासून आहे. पण पाव चाखला की गोष्ट खरी वाटते. इतका बेचव पदार्थ रागाशिवाय होणं शक्य नाही. मिठावरून आम्हीही भांडलो. १९३० साली दांडीला, आणि आमच्या कोकणात शिरोड्याला. आम्ही मीठ उचललं, यांनी मीठ सोडलं. साम्राज्यं दोन्हीकडे गेली.

"बिनमिठाचं म्हणजे उपासाला चालेल का गं?" मी विचारलं. तिनं नुसतं बघितलं. गव्हाचा पाव माझ्या हातातून आपोआप टोपलीत गेला.

दहा वाजले. मालकीणबाई दोनदा बाहेर जाऊन डोंगर बघून आल्या. मग त्यांचा मुलगा जाऊन आला. मग पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ, ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता, तेही नॅपकिन गळ्याला लावलेलाच ठेवून बाहेर गेले आणि मान हलवत परत आले. अर्ध्या तासात सगळी खानावळ संकष्टीला बसली होती.

अकराला पाच कमी असताना बाहेरून आरोळी आली, "ला लूना!" सगळे उठले. डोंगरामागून तांबूस चंद्र वर येत होता, एका बाजूनं जरा झिजलेला. हिनं अंजिराचा नैवेद्य दाखवला, नमस्कार केला. मालकीणबाईंनी छातीवर क्रूस काढला. गॅसपाशी कुणी तरी टाळी वाजवली, आणि आमचं ताट आलं.

आधी इंब्रेच्चाता. म्हणजे आठ-दहा कडधान्यं आणि बार्ली एकत्र शिजवलेली, वरून ऑलिव्हचं तेल. मिसळीनं संन्यास घेतला तर ती अशी दिसेल. मग भाजी घातलेली 'तोर्ता आल तेस्तो'. तेस्तो म्हणजे जाड चपटा तवा, पूर्वी दगडाचा किंवा मातीचा असे. त्यावर गव्हाच्या पिठाची जाड, गोल पोळी भाजायची, चिरून आत पालेभाजी भरायची. ती बघितल्यावर ही उठली आणि सरळ स्वैपाकघरात गेली. पाच मिनिटांनी आतून दोन बायकांचे आवाज येऊ लागले. एक मराठीत बोलत होती, एक इटालियनमध्ये, आणि दोघींचं एकमत होतं. नंतर कळलं, विषय असा होता की तवा पुरेसा तापल्याशिवाय घाई करू नये.

माझ्या मनात आलं, १९४४ च्या त्या उन्हाळ्यात आमच्या पलटणींना शिधा म्हणून आटा मिळत होता. या टेकड्यांच्या पायथ्याशी कुठं तरी आमच्या पोरांनी चपात्या भाजल्या असतील आणि वर गावात कुणी तरी ही तोर्ता. दोघांनाही दुसऱ्याच्या तव्याचा पत्ता नसेल. बावीस वर्षांच्या पोराची भूक काय असते, हे मला आठवतं. मी हातातला तुकडा जरा हळू खाल्ला.

निघायला साडेबारा झाले. मालकीणबाईंनी हिच्या पिशवीत एक तोर्ता कापडात गुंडाळून दिली, आणि हिनं त्यांना उरलेला उदबत्तीचा पुडा. भावाला फोन करायची हिला घाई होती, पण माणगावात तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. म्हणून सकाळी, पेरुजातून केला.

"अरे, बघितलं आम्ही. आपल्या घाडग्यांचं घड्याळ. गावानं छान ठेवलंय. रोज चालतं. किल्लीसुद्धा द्यावी लागत नाही."

मेहुणा कोकणातला. भावनेच्या भरात वाहून जाणं त्याला मंजूर नाही. "ताई, पण पाऊस आला की काय करतं गं ते?"

ही क्षणभर थांबली. मग म्हणाली, "विश्रांती घेतं. बावीस वर्षांच्या पोराला तेवढी नको का?"